भांड्यावरचं नाव

पुढच्या महिन्यात परदेशात एक लिलाव होणार आहे. आशियातल्या जुन्या वस्तू, चित्रं आणि दागदागिने. त्याचा कॅटलॉग इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. दुपारची कामं आटोपली की हल्ली मी तो उघडून बसते. चिनी फुलदाण्या, जपानी लाखकामाच्या पेट्या, तिबेटी थांगके म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, ब्रह्मदेशी माणकांच्या अंगठ्या. मधूनच आपल्याकडचं काही समोर येतं : बिदरीचा हुक्का, मोत्यांचा सातपदरी हार, मिन्याचं काम केलेल्या बांगड्या, फिकट झालेला एखादा दरबाराचा देखावा. प्रत्येक वस्तूला लॉट नंबर, त्याखाली किमतीचा अंदाज, कमीत कमी इतका आणि जास्तीत जास्त इतका, आणि एकदोन ओळी मजकूर. आपल्या भागातून गेलेल्या वस्तूंखाली त्या ओळी बहुतेक एकाच घाटाच्या असतात. 'दख्खन, अठरावं ते एकोणिसावं शतक. युरोपातील एका खासगी संग्रहातून.'

दख्खन म्हणजे नेमकं कुठे? बिदर, की हैदराबाद, की औरंगाबाद? आणि 'एका खासगी संग्रहात' ती वस्तू गेली कशी? कुणी दिली, विकली, लुटून नेली, की अडचणीत सापडलेल्या माणसाकडून पडत्या भावात उचलली? लिलावाच्या व्यवहारात या प्रश्नाला फार वजन आहे. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची साखळी जितकी पक्की, तितकी बोली वर चढते. साखळी तुटलेली असेल, विशेषतः सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराला आळा घालणाऱ्या १९७० सालच्या युनेस्को कराराच्या आधी ती वस्तू मायदेशाबाहेर पडली होती हे दाखवता येत नसेल, तर मोठी संग्रहालयं तिला हात लावायला कचरतात. म्हणजे कागदावर लिहिलेली चार नावं सोन्याइतकीच मोलाची. आणि आमच्या मराठवाड्यातून गेलेल्या वस्तूंजवळ नेमकी तीच चार नावं नसतात. हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

आधी त्या हुक्क्याबद्दल, कारण तो मला खूप आवडला. बिदरीकाम बिदरचं खरं, पण बिदर आणि मराठवाडा दोन्ही हैदराबाद संस्थानातले, आणि आमच्या औरंगाबादेतही बिदरीचे कारागीर होते, आजही आहेत. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतीव भांडं करतात. मग छिन्नीने त्यावर वेलबुट्टी खोदतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. इथवर सगळं भांडं एकसारखं करड्या रंगाचं दिसतं, चांदी कुठे आणि जस्त कुठे ते नजरेला पटकन कळत नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र कालवून ते मिश्रण भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं आणि चांदीला काहीही होत नाही. त्या क्षणी नक्षी उघडी पडते. माती कुठलीही चालत नाही. ऊनपाऊस न लागलेली, किल्ल्याच्या जुन्या बंद भागातली माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतो. इतकं सगळं एका हुक्क्यात आहे आणि कॅटलॉगमध्ये त्याला दीड ओळ आली आहे. त्यात कारागिराचं नाव नाही, पण त्याबद्दल लिलाववाल्यांना बोल लावता येणार नाही. ते नाव आपणही कधी लिहून ठेवलं नाही.

त्याच कॅटलॉगमध्ये शेवटाकडे, किरकोळ वस्तूंच्या पानावर, एक तांब्याचं घंगाळ आहे. दोन बाजूंना कड्या, काठ जरा चेपलेला. मजकुरात 'नागरी लिपीत लेख, झाडाची कुंडी म्हणून उपयुक्त' एवढंच लिहिलेलं. लेख काय आहे ते नाही. मी फोटो मोठा केला. ठोक्याठोक्याने उमटवलेली अक्षरं, काठाखालून गोल फिरत गेलेली. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही ही अक्षरं बघताक्षणी ओळखू येतील. नाव पुसट झालं आहे, पण पुढचं स्वच्छ वाचता येतं : 'हिस लग्नात मामाकडून', आणि मग 'ता. मोमिनाबाद'. गावाचं नाव कडीच्या रिबिटीखाली गेलं आहे.

मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. निजामी राजवटीत कागदोपत्री हेच नाव होतं. म्हणजे एका ठोक्यात दोन गोष्टी कळल्या. घंगाळ कुठल्या मुलखातलं ते कळलं आणि ते साधारण कोणत्या काळातलं तेही कळलं. मी लिलावगृहाला पत्र लिहिलं, वाचन पाठवलं, मोमिनाबाद म्हणजे काय ते सांगितलं. त्यांचं उत्तर आलं, आणि आता त्या लॉटखाली नवीन नोंद दिसते : मराठवाडा, हैदराबाद संस्थान, विवाहप्रसंगीची भेट. एका मामाने भाचीच्या लग्नात दिलेलं भांडं आहे हे आता बोली लावणाऱ्याला माहीत असेल.

भांड्यावर नाव घालायची ही पद्धत आपल्याकडे इतकी रोजची होती की तिचं मोल कुणाला वाटलंच नाही. भांड्याच्या दुकानात खरेदी झाली की 'नाव घालायचं का?' असं विचारलं जायचं. दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस बारीक छिन्नी आणि हातोडीने टकटक करत अक्षरं उमटवायचा, पुढे त्याच्या हातात विजेवर चालणारं यंत्र आलं. 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ', 'चि. तमुक याचे मुंजीत आत्याकडून', 'सप्ताहनिमित्त समस्त गावकरी'. देवळातल्या समया, पंगतीची पातेली, बारशाची वाटी, सगळ्यांवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, निमित्त, पुष्कळदा सालही. आमच्याकडच्या जुन्या कागदांत आणि क्वचित भांड्यांवरही साल फसली, म्हणजे निजामी राजवटीतल्या महसुली कालगणनेचं, असतं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. परदेशी लिलावगृहं ज्या माहितीसाठी माणसं नेमतात, ती माहिती आपल्या आज्यांनी पितळी डब्याच्या झाकणावर कोरून ठेवलेली होती.

कोरलेल्या नावाने काय होतं, ते २०२५ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात आली. पातं युरोपी घडणीचं, आणि त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती सोडवून आणली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती अक्षरं नसती तर 'मराठा तलवार, अठरावं शतक' एवढ्या ओळखीवर ती कुठल्यातरी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेली असती.

पण सोन्यावर आपण नाव घालत नाही. सोनं मोडायचं असतं, हे आपल्या हाडीमाशी रुजलेलं आहे.

आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आईने तिच्या वाक्या मोडल्या. मी बरोबर होते आणि शाळकरी वयाची होते, त्यामुळे सगळं डोळ्यांत साठलं आहे. सराफाने आधी त्या वाक्या कसोटीवर घासल्या, पिवळ्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि रेघ तशीच राहिली म्हणून मान डोलावली. मग म्हणाला, "वहिनी, आत लाख हाय. ती काढल्याबिगर वजन कळायचं न्हाई." जुने दागिने आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असायची. त्याने चिमट्यात धरून वाकी शेगडीवर फिरवली. आतली लाख वितळून काळ्या थेंबांनी खाली पडली आणि वाकी चिंबलेल्या कागदासारखी मऊ झाली. दंडावर बसणाऱ्या त्या वळणाच्या मधोमध मोराची जोडी होती, चोचीला चोच लावलेली. आईच्या आईने ती जोडी परळीच्या सोनाराकडून सांगून करवून घेतली होती. सराफाने दोन्ही वाक्या काट्यात टाकल्या, डाकाची, म्हणजे सांधे जोडायला वापरलेल्या हलक्या धातूची घट धरली, तोळे-मासे-गुंजा मोजल्या आणि पैसे दिले. मोरांचे पैसे नाहीत. मोडीत घडणावळ मिळत नसते, तेव्हाही नाही आणि आताही नाही. त्या पैशांत कडबा आला, ज्वारी आली, बैलांची जोडी वाचली. आईने केलं ते बरोबरच केलं, त्यात मला तिळभर शंका नाही. पण मोर गेले, आणि ते कुणी घडवले होते त्या सोनाराचं नाव आज मला सांगता येत नाही.

मराठवाड्यातले किती दागिने असे शेगडीवर संपले असतील! पुतळ्यांच्या माळा, गोठ, सर, चांदीच्या सऱ्या, दंडकड्या. बंजारा तांड्यांवरच्या घुगरी-टोपल्या आणि चोटले. दुष्काळ आला की ते आधी गहाण पडत आणि मग मोडत. पैठण्यांचं तेच झालं. जुन्या पैठणीच्या काठापदराला अस्सल जर असायची, चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली. 'जुनी जर' घेणारे दारावर यायचे, वजनावर साडी घ्यायचे, आणि पुढे ती जाळून राखेतून चांदी काढायचे. काठापदरावरचे मोर, राघू, नारळी, आसावली, सगळं राखेत. म्हणून कॅटलॉगमध्ये एकोणिसाव्या शतकातली एखादी अखंड पैठणी दिसली, की ती परदेशात कशी गेली या दुःखाआधी ती जळाली नाही याचा मला आनंद होतो. हे मत पुष्कळांना रुचणार नाही, पण माझं आहे.

आजही लिलाव आमच्या दाराशी आहेत. बँकांच्या, पतसंस्थांच्या सोनेतारण कर्जांच्या लिलावाच्या नोटिसा वर्तमानपत्रात बारीक अक्षरात छापून येतात. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, थकबाकी, ग्रॅममध्ये वजन. दागिना कुठला, तो जुना की नवा, त्यावर काम काय, कशाचाही उल्लेख नाही. तिथे बोली फक्त धातूवर लागते. साता समुद्रापलीकडच्या लिलावात तीच नथ आली तर तिच्या मोत्यांची गुंफण, तारेचा पीळ, घडणीचा काळ यांवर बोली लागेल. जिथे ती घडली, जिथली बाई ती नाकात घालून हळदीकुंकवाला गेली, तिथे ती निव्वळ वजन, आणि जिथे तिला कुणी ओळखत नाही तिथे ती कलाकृती. हे मला सलतं. पतसंस्थेत दागिना ठेवताना मूल्यांकन करणारा सराफ असतोच. त्याने जुना, दुर्मिळ घाट दिसला तर दोन ओळी आणि एक फोटो नोंदवला तर कुणाचं काय बिघडेल?

निजामाच्या जवाहिराची गोष्टही मराठवाड्याने परकी समजू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही त्याच संस्थानात होतो. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी जहागिरीत मराठवाड्यातलेही मुलूख होते आणि तिथला शेतसारा थेट त्याच्या खासगी तिजोरीत जायचा. पुढे त्या तिजोरीतले दागिने विकायचे ठरले तेव्हा जगातल्या बड्या लिलावगृहांची नजर त्यांवर होती. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या, आणि १९९५ साली भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. त्यात १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा आहे. शेवटचा निजाम तो कागदांवर दाब म्हणून ठेवत असे म्हणतात. हे दागिने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात. अधूनमधून प्रदर्शन भरतं, तेही हैदराबादला किंवा दिल्लीला. एकदा तरी ते छत्रपती संभाजीनगरला भरावं असं मला फार वाटतं. आमच्या पणजोबांनी भरलेला सारा त्यांत कुठेतरी आहे.

उलट बाजूही आहे. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कतारच्या अल थानी राजघराण्याच्या संग्रहातल्या भारतीय जडजवाहिराचा लिलाव झाला, त्यातही निजामाच्या नावाच्या वस्तू होत्या. एका दिवसात सुमारे १० कोटी ९० लाख डॉलरची विक्री झाली. त्या वस्तू कायदेशीर मार्गाने बाहेर गेलेल्या असोत, आता त्या बघायला मिळणं घेणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

मात्र दूर गेलेलं सगळंच हरवलं असं मी म्हणणार नाही. तेरचं उदाहरण बघा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात गुजरातेतल्या भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर अशी नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. त्याच तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो संग्रह पुढे शासनाचा झाला. छोटीशी मूर्ती, अंगावर दागिन्यांची गर्दी. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. आणि याच कुळातली तिसरी बहीण इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात ती १९३८ साली सापडली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनची असावी असं काही अभ्यासक मानतात. ती व्यापारातून गेली, कुणीतरी घडवली, कुणीतरी हौसेने विकत घेतली. ज्या घरात सापडली ते घर ठाऊक आहे, ज्या थरात सापडली तो थर ठाऊक आहे, म्हणूनच तिच्याकडे बघून आपल्याला आपल्या मूर्तीचं वय सांगता येतं. नेपल्सला असूनही तिचा पत्ता हरवलेला नाही.

पत्ता हरवतो तो रात्री खणून काढलेल्या वस्तूचा. पैठण, तेर, भोकरदन या गावांत पावसाळ्यात पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आजही वर येतात. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची दडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी असा १८७८ चा कायदा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा काही चित्रकारांची चित्रंही बाहेर नेता येत नाहीत. दगडी, धातूच्या, हस्तिदंती जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या घरात असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते. लोक या नोंदणीला घाबरतात, सरकार वस्तू उचलून नेईल असं त्यांना वाटतं. नोंदणीने मालकी जात नाही. उलट मूर्ती चोरीला गेली तर ती आपली होती हे सिद्ध करायला तोच कागद कामी येतो. गावच्या देवळांच्या पंचमंडळींनी तरी हे मनावर घ्यावं, अगदी कळकळीने सांगते. फोटो नसलेली मूर्ती चोरीला गेली की पोलिसांना तिचं वर्णन तरी काय करणार?

अजिंठ्याचंच बघा. इंग्रजी अमदानीत लेण्यांच्या भिंतींवरून रंगीत गिलाव्याचे तुकडे खरवडून नेले गेले. त्यातला एक तुकडा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लिलावात विकला गेला आणि आज तो बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याला निदान अजिंठ्याचं नाव आहे. असे अनामिक तुकडे किती असतील?

दिवाळीनंतर मी घरातल्या जुन्या वस्तूंची एक वही सुरू केली. प्रत्येक वस्तूला एक पान. फोटो, शेजारी फूटपट्टी, वजन, कुणी घडवली, कुणी कुणाला दिली, कुठल्या निमित्ताने, मध्ये कुठे गहाण होती, कुणी सोडवली. भांड्यांची पानं भराभर भरली, कारण मजकूर त्यांच्यावरच लिहिलेला. दागिन्यांसाठी मात्र म्हाताऱ्या माणसांकडे जावं लागतं. गेवराईची मावशी नव्वदीला टेकली आहे. तिला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण कुठल्या जावेची बोरमाळ कुणाच्या लग्नात कुणी उसनी नेली आणि परत करताना दोन मणी कमी होते, हे ती मण्यांसकट सांगते. मी लिहून घेते. भांडणंसुद्धा लिहून घेते. वस्तू कुणाकडे किती वर्षं होती, हे पुष्कळदा भांडणांतूनच पक्कं होतं.

मोडलेल्या दागिन्यांनाही मी पानं दिली आहेत. आईच्या वाक्यांच्या पानावर फोटो नाही, म्हणून मोरांची जोडी आठवेल तशी पेन्सिलीने काढली. मावशीला दाखवली तर तिने पेन हिसकावून घेतलं, मोरांच्या डोक्यावर तीन-तीन ठिपक्यांचे तुरे काढले आणि म्हणाली, "तुरे इसरलीस व्हय? आन् सोनाराचं घर वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ व्हतं, एवढं लिही." नाव तिलाही आठवेना, पण त्याच सोनाराने तिची नथ केली होती म्हणे, आणि ती नथ आता लातूरच्या सुनेकडे आहे. सुनेला फोन केला. ती पुढच्या रविवारी नथ घेऊन येते आहे.